जाताना वारा पाठीशी

"मॅडम, कोलकात्याले जाताना विमान लवकर पोचते, अन् येताना उशीर काहून होते? रस्ता तर तोच!"

माना विमानतळाबाहेरच्या चहाच्या टपरीवर हे विचारणारा यशदीप दीक्षाच्या ओळखीचाही नव्हता. सिलतऱ्याच्या कारखान्यातला इंजिनिअर, साहेबांना घ्यायला आलेला. कॉलरवर लोखंडाची काळी धूळ. ती विमानतळाच्या हवामान कार्यालयात निरीक्षक. गळ्यातलं ओळखपत्र वाचूनच त्यानं विचारलं असावं.

"अंतर सातशे दहा किलोमीटर. हिवाळ्यात वर पश्चिमेचा वारा असतो. जाताना तो पाठीशी, म्हणून एक तास दहा मिनिटं. येताना समोर — एक तास पंचवीस."

"म्हणजे जाणं सोपं, येणं कठीण?"

"हव," ती म्हणाली. आपण हसलो, हे तिला नंतर कळलं.

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा टपरीवर.

"आज कोणते साहेब येऊन राहिले?"

"कोणी नाही. वारा कसा आहे, विचारायले आलो."

वर्षभर तो वारा विचारत राहिला... मग कारखाना बंद पडला. आठ महिने यशदीप घरी. आता कॉलर स्वच्छ असायची, आणि बोलता बोलता त्याचा हात उगाच तिथं जायचा. डिसेंबरात कोलकात्याहून नोकरीचं पत्र आलं. दीक्षाला सोबत जाणं शक्य नव्हतं. तात्यापाऱ्यातल्या घरी लकव्यानं पडलेले बाबा, आणि त्यांना तिच्याशिवाय कुणी नाही.

"तू थांब म्हण, मी थांबतो," तो म्हणायचा. ती वाऱ्याचंच बोलायची.

निघायच्या सकाळी दाट धुकं पडलं. आठ वाजता त्याचा फोन आला, विमानतळाच्या आतूनच.

"आज रुजू नाही झालो तर नोकरी गेली. अन् विमान रद्द झालं तर मी दुसरं तिकीट नाही काढत, सांगून ठेवतो."

"यशदीप..."

"किती दिसते, ते तूच लिहितेस ना? थोडं कमी लिहून टाक."

साडेआठला ती कार्यालयाच्या गच्चीवर गेली. उड्डाणाला आठशे मीटरपर्यंत दिसावं लागे. तेवढ्या अंतरावर एक निलगिरी होती. आठच्या निरीक्षणात ती दिसली नव्हती. आता दिसत होती. तिच्यामागे, बाराशे मीटरवरची पाण्याची टाकीही — पुसट, पण होती. दीक्षानं डोळे मिटून पुन्हा उघडले. टाकी तिथंच.

स्वच्छ कॉलरवर फिरणारा तो हात तिला आठवला. तिनं आकडा लिहिला.

"किती लिहिलं?" त्यानं पुन्हा फोन करून विचारलं.

"बाराशे."

"खरंच दिसते?"

"हव."

"अन्... दुसरं काही सांगायचं नाही तुले?"

"आहे." तिनं पेन खाली ठेवलं. "मले तू फार आवडतोस. तुले थांब म्हणायचं, रोज ओठावर यायचं. पण तू तिकडं कामावर जाशील, तेच बरोबर आहे."

तिकडं विमानात बसायची घोषणा झाली, आणि फोन बंद.

नऊ वाजून पाच मिनिटांनी विमान उडालं. सव्वादहाच्या सुमारास मेसेज आला. 'पोचलो. एक तास आठ मिनिटं. अन् येताना?'

'एक तास पंचवीस', तिनं टाइप केलं. मग एकेक अक्षर पुसलं, आणि फोन खिशात ठेवला.

साडेदहाच्या निरीक्षणाची वेळ झाली होती. गच्चीवर लख्ख ऊन पडलेलं. निलगिरी, टाकी, त्यापलीकडचा मोकळा रस्ता, सगळं दिसत होतं. वारा पश्चिमेचाच होता.