सीलबंद, पण उष्टी

आयर्लंडमधल्या एनिसच्या अ‍ॅबे स्ट्रीटवरून एक बोळ नदीकडे उतरतो. इतका अरुंद, की समोरासमोर दोन छत्र्या आल्या तर एकीला मिटावं लागतं. त्या बोळात ब्रीदचं वाइनचं दुकान आहे. तिच्या नावाचा उच्चार खरं तर ब्रीडच्या जवळ जातो, पण मी मनात ब्रीदच म्हणते, आपल्या ब्रीदवाक्यातलं. आणि तिचं ब्रीदवाक्य एकच: 'इट्ल बी ग्रँड.' नदीला पूर येवो, वीज जावो, आयर्लंड रग्बीत हरो, सगळं ग्रँड, म्हणजे ठीकच, होणार.

मी तिथे पहिल्यांदा शिरले ती पावसाला आडोसा म्हणून. पद्माकरची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, शॅननला सॉफ्टवेअरची नोकरी. मी त्याच्या व्हिसाला चिकटून आलेली कोथरूडची बाई, पन्नाशीला टेकलेली. माझ्या माहेरी व्हिनेगरच्या बाटलीकडेसुद्धा संशयाने बघत. ब्रीदने माणुसकी म्हणून या कुडकुडणाऱ्या बाईपुढे पेल्यात घोटभर वाइन धरली. मी ती नुसती हुंगली आणि म्हणाले, "कैरी. पण ताजी नव्हे. मिठात मुरलेली."

ब्रीदने आधी माझ्याकडे बघितलं, मग बाटलीकडे. म्हणाली, "मंगळवारी काय करतेस?"

नाकाचं श्रेय आईला. नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नसतो. देवाच्या आधी जिभेला लावला की उष्टा झाला. त्यामुळे आमटीत मीठ पडलंय की नाही, हे आम्ही बहिणी वाफेवरून सांगायचो. बाकीचं मी लायब्ररीतल्या पुस्तकांतून आणि ब्रीदच्या उरलेल्या बाटल्यांतून शिकले. दर मंगळवारी दुकानाच्या मागच्या खोलीत, नदीकडच्या खिडकीपाशी बसायचं. वाइनवाल्यांकडून आलेल्या नमुन्यांच्या बाटल्या ओळीने उघडायच्या. पेल्यात थोडी ओतून रंग बघायचा, हुंगायचं, घोट तोंडात खेळवायचा, बादलीत थुंकायचा, आणि दुकानात काय ठेवायचं ते ब्रीदला सांगायचं. पद्माकर भेटेल त्याला सांगे, "आमच्या सात पिढ्यांत दारू तोंडाला लावणारी ही पहिली बाई. आणि तीही थुंकते!"

हसा खुशाल. माझ्या आयुष्यातली ती पहिली नोकरी होती, आणि ती कुणाची बायको म्हणून मिळालेली नव्हती.

२०२०च्या ऑक्टोबरात आमची रेवा गॉलवेच्या कॉलेजातून घरी आली आणि येताना कोविड घेऊन आली. तिघांनाही झाला, हलकाच. बरं वाटायला लागल्यावर एका सकाळी ती वरच्या खोलीतून मोबाइल बघत ओरडली, "आई, दॅट्स गॅस!"

मी धावत जाऊन शेगडीची बटणं तपासली, खिडक्या उघडल्या, मीटिंगमध्ये बसलेल्या पद्माकरला दंडाला धरून परसात काढलं. वर इस्त्रीचा शर्ट, खाली पायजमा. रेवा जिन्यात बसून पोट धरून हसत होती. "गॅस मीन्स फनी, मॅम! हाउ लाँग आर वी हिअर?"

"तुझी आई एक दिवस मला नोकरीवरून घालवणार," पद्माकर दात वाजवत म्हणाला.

मीही हसले. मग हसू विरलं. शेगडी खरंच उघडी राहिली असती तर मला कळलं नसतं. मी मघाशी नाकाने काही शोधलंच नव्हतं, डोळ्यांनी बटणं बघितली होती. प्रेसमधून हिंगाची डबी काढली. प्रेस म्हणजे इकडे कपाट; आता आमच्याही तोंडात बसलंय. डबी उघडून नाकाला लावली. आत हिंग आहे हे मला फक्त दिसत होतं.

ब्रीदला मी त्याच दिवशी फोन केला. तिचं स्वतःचं नाक सिगारेटींनी कधीच खाल्लेलं. पाच-सहा पेले झाले की तिला सगळं सारखंच लागतं. आणि वेळ नेमकी अडचणीची. हॉटेलं बंद, म्हणजे तिचं निम्मं गिऱ्हाईक बंद. नाताळासाठी सहा बाटल्यांची पेटी लोकांना घरपोच पाठवायची आणि एका रविवारी सगळ्यांनी मिळून ती झूमवर चाखायची, अशी तिची कल्पना होती. त्या सहा मी निवडायच्या होत्या.

"गल्ल्यावर तुला कायम जागा आहे, वृंदा," ती म्हणाली. "पण त्या टेबलाला नाक लागतं. ईस्टरपर्यंत वाट बघू."

"आणि नाहीच आलं तर?"

"इट्ल बी ग्रँड."

पहिल्यांदाच मला ते खरं वाटलं नाही.

नोव्हेंबरात नमुने आले. पोर्तुगाल, चिली, ऑस्ट्रिया, कुठली तरी जॉर्जियाची मातीच्या रांजणात मुरवलेली. टेबलभर. ब्रीद मास्क लावून पुढे गिऱ्हाइकं सांभाळत होती. पेटीसाठी निवडायला दुसरं कुणीच नव्हतं, म्हणून नाकाशिवाय मीच बसले. मी बुचं काढत गेले, ओतत गेले, हुंगत गेले. काही नाही. घोट घेतला तर आंबट पाणी. पुढचं तुरट पाणी. त्याच्या पुढचं आंबट-तुरट. बाहेर फर्गस नदी नेहमीसारखी तपकिरी वाहत होती आणि एक बगळा दगडावर माझ्याकडे पाठ करून उभा होता, शहाणा.

मग मी एका पोर्तुगीज रेडचा पेला उचलला, आणि हात ओठांपर्यंत जाईना.

उष्टं होतं.

ज्यांच्या घरात उष्ट्या-खरकट्याचं पाळलं गेलं त्यांना हे सांगावं लागणार नाही. थोरल्या बहिणीने वाटीतल्या श्रीखंडात बोट घालून वरून चमच्याने सारखं केलेलं असतं. वाटी हातात घेतली की समजतं. वास नसतो, खूण नसते. कुणीतरी आधी येऊन गेलेलं असतं, एवढंच.

पण बूच मी स्वतः काढलं होतं. वरची लाखही मीच फोडली होती.

म्हटलं, आजारपणाचे चाळे. बाटली खिडकीत ठेवली आणि पुढे गेले. तीन-चार बाटल्या कोऱ्या. मग पुन्हा एक उष्टी. पुन्हा बऱ्याचशा कोऱ्या. जॉर्जियाची तर इतकी उष्टी, की मी पेला ठेवून हात धुतले. शेवटी खिडकीत सहा बाटल्या जमल्या.

ब्रीद दारात आली. "या खिडकीत का?"

"या… कुणीतरी आधीच प्यालेल्या आहेत."

"नमुने फोडलेत?" ती तडक बाटल्यांकडे धावली.

"फोडले नाहीत. भरलेल्याच आहेत." मला इंग्रजी सापडेना. "आमच्यात एक शब्द आहे. कुणाचं तोंड लागलं, की उरतं ते…"

"बॅकवॉश?"

"थुंकी नाही गं बाई! पहिला मान म्हण. त्याने आधी घेतलं, आता उरलेलं तुझं."

ती मास्कच्या वर भुवया चढवून बघत राहिली. मग म्हणाली, "एरवी तुला वेडी म्हटलं असतं. पण यंदा सगळा देश दुसऱ्याच्या कपाला घाबरतोय." हे मात्र खरं होतं. उष्टं म्हणजे काय, ते त्या वर्षी अख्ख्या जगाला कळलं. आपल्याकडे नुसता शब्द आधीपासून होता.

तिने माझी परीक्षा घेतली. मला बोळात उभं केलं, सगळ्या वाइन तशाच दिसणाऱ्या पेल्यांत ओतल्या, क्रम बदलला आणि मला आत बोलावलं. मी टेबलाच्या कडेने चालत गेले. हुंगलं नाही, उचललंही नाही. बोट दाखवत गेले: हा, हा, आणि तो कोपऱ्यातला. खिडकीतल्या सहाही बाटल्यांचे पेले तेच निघाले.

मग तिने त्या सहांतला एकेक घोट घेतला. पहिल्याला थांबली. दुसऱ्याला खुर्ची ओढून बसली. सहाव्यानंतर म्हणाली, "जीझस, मेरी अँड जोसेफ." तिचे डोळे भरून आले होते. "तीस वर्षांत असे सहा एकत्र नाही मिळाले मला. युअर मॅनला चव आहे."

इकडे 'युअर मॅन' म्हणजे आपला नवरा नव्हे, तो कुणी अमका माणूस. नवीन असताना मी यावरून पद्माकरशी दोनदा भांडले आहे. या वेळी मात्र तो अमका कोण, हे आम्ही दोघींनीही एकमेकींना विचारलं नाही. पेटी ठरली होती. दुकान वाचायची आशा होती. आम्ही चहा केला.

डिसेंबरातल्या रविवारी दुपारी दुकानात ब्रीदशेजारी बसून झूमचा पडदा उघडला तर चौकटीच चौकटी. किलरशचा मिकी, डोक्यावर कागदी मुकुट घालून. ट्रलीच्या दोन नर्स, ड्यूटीवरून आलेल्या, पाय टबात. डब्लिनहून, ग्रँड कॅनाल डॉकच्या फ्लॅटमधून सारंग आणि स्वानंदी. सारंग पद्माकरच्या हाताखाली शिकलेला. "काकू, चिवडा चालेल ना वाइनबरोबर?" त्याने विचारलं.

"दुसऱ्या बाटलीपर्यंत थांब. तिला तिखट सोसतं."

मी घाबरले होते. लोकांनी पैसे मोजलेले, आणि बोलणारीला वास नाही. पण पहिला पेला उचलला आणि शब्द येत गेले. भिजवलेले मनुके. पावसात उभा असलेला घोडा. नुकतीच तासलेली पेन्सिल. मिकी ओरडला, "घोडा! बाई, शपथेवर सांगतो, घोडा आहे यात!" सगळे हसले, हुंगले, पुन्हा हसले. शब्द कुठून येतायत, ते मी बघितलं नाही. गिऱ्हाईक समोर असताना असल्या चौकशा करत नाहीत. त्या दुपारइतकी मजा मी त्या अख्ख्या वर्षात केली नव्हती.

चौथ्या बाटलीला, पांढरीला, फिरकीचं झाकण होतं. प्रत्येक घरातून कट्‌कट् आवाज आले.

स्वानंदीने पेला ओठांपाशी नेला आणि थांबली.

"काकू," ती मराठीत म्हणाली, "एक विचारू? हसू नका हं."

"विचार ना."

"आमची बाटली सीलबंद होती. सारंगने आत्ता माझ्यासमोर उघडली." तिने आवाज खाली आणला. "पण ही उष्टी आहे का हो?"

मी तिला काही सांगितलेलं नव्हतं. तो शब्द मी ब्रीदच्या मागच्या खोलीबाहेर उच्चारला नव्हता, पद्माकरपाशीसुद्धा.

"नाही गं," मी म्हटलं. "ती जातच तशी असते."

"हो का," ती म्हणाली. पण प्यायली नाही.

सारंग प्यायला. "मस्त आहे की!"

ब्रीद शेजारून कुजबुजली, "काय म्हणाली ती?" मी चौकटी बघत होते.

मिकी पेल्याचा काठ अंगठ्याने पुसत होता.

ट्रलीची एक नर्स बाहीने पुसत होती. दुसरी टॉवेलच्या टोकाने.

पडद्यावर सगळीकडे, एकेक करत, लोक आपापल्या पेल्याचा काठ पुसत होते. गप्पा मारत, हसत, एकमेकांना टोमणे हाणत. आपण पुसतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं.

पुसून झाल्यावर ते प्यायले, आणि सगळ्यांना फार आवडली.

पेट्या संपल्या. ब्रीदने आणखी मागवल्या, त्याही नाताळाच्या आत गेल्या. दुकान राहिलं. जानेवारीत पुन्हा सगळं बंद झालं तरी लोक फोन करून विचारत होते, ती घोड्यावाली आहे का? ब्रीद मला म्हणे, "आता नाक नसलं तरी चालेल, तुला युअर मॅन आहे." मी हसायचे, आणि घरी येऊन हिंगाची डबी उघडायचे. मला माझं नाक हवं होतं. माझं.

ईस्टरच्या आधीच्या मंगळवारी नवे नमुने आले. खिडकीतून ऊन येत होतं, बाहेर कुणीतरी बदकांना पाव टाकत होतं. मी पहिलं बूच काढलं, ओतलं, सवयीने वाकले.

जांभूळ.

आधी वाटलं, आठवण असेल. पुन्हा हुंगलं. जांभूळ, मग जायफळ, मग खाली कुठेतरी ओली फरशी. अख्खं, स्वच्छ, माझं. मला रडू फुटलं. "ब्रीद!" मी हाक मारली. "आलं! नाक आलं!"

"ग्रँड!" ती पुढून ओरडली. "आले हं, एवढं गिऱ्हाईक आटपते!"

पेल्यावर पुन्हा वाकले. डोळे मिटून, पोटभर घ्यायला.

आणि वास गेला.

माझ्या नाकातून नव्हे. पुढच्या दालनातून येणारा ब्रीदच्या सिगारेटींचा वास मला येत होता, माझ्या हाताचा साबण येत होता. पेल्यातला तेवढा गेला. कुणीतरी टेबलापलीकडून, सावकाश, दीर्घ श्वास घेतल्यासारखा, पूर्ण ओढला गेला.

मी डोळे उघडले. पलीकडे रिकामी खुर्ची. ऊन.

हात मी कधीच मागे घेतला होता. पेला टेबलावर सरळ उभा होता. वाइन मात्र पलीकडच्या काठाकडे कलली होती, आणि ब्रीदची पावलं दाराशी येईपर्यंत कललेलीच राहिली.