पेटीवर बसा

उद्या तुम्ही सगळे त्या कोड्यांच्या खोलीत जाणार. तिकिटं काढून मोकळे झालात, आता मी नको म्हणालो तर कोण ऐकणार आहे? जा बापडे. पण आमच्या जुन्या घराच्या वर राहणाऱ्या पोराचं काय झालं, तेवढं ऐकून जा. त्याच्याच तोंडून ऐकलंय मी.

तो अशाच एका ठिकाणी कामाला होता. तळघरात खोली. माणसांना आत कोंडायचं, त्यांनी कोडी सोडवत किल्ली शोधून बाहेर यायचं. पैसे देऊन कोंडून घेतात लोक, काय बोलायचं. हा बाहेर बसून पडद्यावर आतलं बघायचा. आवाज येत नसे, नुसतं चित्र. आतले अडले की हा बटण दाबून माइकवर तुमच्या भाषेत तो क्लू द्यायचा, तोही घोगऱ्या, म्हाताऱ्या आवाजात. खोलीत एक म्हातारा घड्याळजी राहून गेला, असं ते नाटक होतं.

गेल्या डिसेंबरातला शेवटचा शनिवार. रात्री मालक घरी गेल्यावर ह्याने धाकट्या बहिणीला आणि मित्रमंडळींपैकी दोघांना फुकटात खेळायला बोलावलं. एक व्यायामशाळेत शिकवणारा, त्याला सगळे पैलवान म्हणत. दुसरी औषधाच्या दुकानात बसणारी मैत्रीण. बहिणीला लहानपणापासून दमा.

"आत जीव घुसमटला तर?" ती म्हणाली.

"मी आहे ना बाहेर." एवढ्यावर थांबावं की नाही? पण हा शहाणा पुढे म्हणाला, "आणि हो, मी काहीही बोललो, अगदी ओरडलो तरी खेळच समजायचं."

दार लागलं. पहिलं कुलूप त्यांनी झटक्यात उघडलं. हा निवांत चहा ओतून घेत होता. पडद्याकडे बघतो तर तिघंही मान वर करून स्पीकरकडे बघत होती. पैलवान मान डोलावत होता. कोणी तरी सांगतंय आणि ही ऐकतायत, तशी.

ह्याने तर बटणाला हातही लावला नव्हता.

पैलवानाने आतलं जड टेबल ओढलं आणि दाराला लावलं. त्या खेळात टेबल हलवायचंच नसतं. ह्याने माइक उचलला. "ए, काढा ते तिथून." तिघं हसली. कोपऱ्यात एक लाकडी पेटी होती, शोभेची. बहीण तिच्यात उतरली, आडवी झाली. झाकण लागलं. आणि ते दोघं वर जाऊन बसले.

"उठा. अरे उठा, तिला दमा आहे. मी खेळत नाहीये."

मैत्रिणीने कॅमेऱ्याकडे बघून बोट नाचवलं. म्हणजे, कळतंय हो आम्हाला. मग दोघांनी पुन्हा मान वर केली... ऐकलं... आणि नीट मांडी घालून बसले.

हा धावला. बाहेरून कुलूप सोडलं. दार चार बोटं सरकलं आणि टेबलाला अडलं. फटीतून त्याने हाका मारल्या.

"मस्त करतोयस रे," आतून पैलवान म्हणाला. "म्हातारा म्हणालाच होता, पेटीवर बसा, हा दाराशी येऊन रडेल."

तेवढ्यात आवाज आला. ठक. ठक, ठक. पेटीच्या आतून.

"ती ठोठावतेय रे..."

"तेही म्हणाला होता."

ठक...

मग काहीच नाही.

पोरांनो, धडका देऊन देऊन ह्याचा खांदा सुजला. शेवटी तिथेच खाली बसला. खरं ते सगळं बोलून झालं होतं, आणि ते त्याने स्वतःच आधी खोटं ठरवून ठेवलेलं. आता बोलणार काय? नुसतीच आसवं. आवाजही नाही. फटीतून मैत्रिणीला ते दिसलं, आणि तिचं हसू गेलं.

"अरे... हा खरंच रडतोय."

टेबल सरकलं. झाकण उघडलं. बहीण कुशीवर पडली होती. ओठ निळे. पण श्वास होता. बारीक... पण होता.

दवाखान्यात पहाटे तिने डोळे उघडले. ह्याला समोर बघून हसली.

"आधी खूप घाबरले रे," ती म्हणाली. "मग तू आत आलास ना, तेव्हा बरं वाटलं."

ह्याने खुर्ची पुढे ओढली.

"किती अंधार होता. तरी तू सारखं म्हणत होतास... हलू नकोस, थोडीच राहिलीय."

ह्याने तिचा हात धरून ठेवला. आपण दाराबाहेर होतो, हे त्याला सांगवेना. अजूनही सांगितलेलं नाही. सांगितलं तर तिने झोपावं कसं, तुम्हीच सांगा.

बहिणीचे केस खांद्याइतकेच, कायम मोकळे. त्या रात्री पडद्यावरही मोकळेच होते. नर्सने उशी सारखी करायला तिचं डोकं जरा उचललं...

मागे वेणी घातलेली होती. घट्ट. चापूनचोपून.

शेवटचे दोन पेड तेवढे घालायचे राहिले होते.