दुपारी समुद्र बंद असतो

समुद्र बेशरमाच्या झुडपांमागे बसून डबा खात होता.

मी त्याला शोधत आलेय, हे त्याला माहीत नव्हतं. एक पाय जुन्या मोटरबोटीच्या काठावर, मांडीवर स्टीलचा डबा, हातात भाकरीचा तुकडा... अगदी निवांत. बोटीला डिझेलचा वास येत होता. सकाळपासून प्रत्येक लाटेबरोबर किनाऱ्यावर येत होता, तोच वास.

"लाटा तुम्ही करता का?" मी विचारलं.

त्याने घास गिळला. आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या चिखलाने भरलेल्या चपलांकडे.

"व्हय," तो म्हणाला. "आता जेवायची सुट्टी आहे. तीनला परत चालू होतो समुद्र."

"हे वेबसाइटवर लिहिलेलं नाही."

"वेबसाइटवर तर डॉल्फिन पण आहे." त्याने डब्यातली मिरची उचलली. "ते पण मलाच करायला सांगत होते. मी नाय म्हणलो."

मी हसायचं नाही असं ठरवून आले होते. भांडायला आले होते. ते जमलं नाही.

मी वाळूजच्या एका प्रयोगशाळेत काम करते. कारखान्यांचे तराजू आणि तापमापक खरं बोलतात की नाही, हे तपासणं माझं काम. कुठल्याही काट्यावर मी सहजासहजी विश्वास ठेवत नाही. पण 'गोदा मालदीव लक्झरी बीच रिसॉर्ट'च्या वेबसाइटवर मात्र ठेवला, कारण मला ती खरी असायला हवी होती.

गेल्या महिन्यात आई नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाली. तिला काय हवंय, असं विचारलं तर तिने एकच सांगितलं, "समुद्रात पाय भिजवून बसायचंय. पण तुझे बाबा शेजारी पाहिजेत."

अडचण बाबांची होती. बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. त्यांनी आयुष्यभर लोकांना अलिबागच्या आणि रत्नागिरीच्या गाड्यांत बसवून दिलं आणि स्वतः कधी चढले नाहीत. गाडी लागते त्यांना. बंद गाडी तर फारच. उघड्या रिक्षात, हातात लिंबू धरून, पैठण रोडने बिडकीनच्या थोडं पुढे जाता येतं. तिथे त्यांच्या पोटाची हद्द संपते. आणि त्या हद्दीतच, धरणाच्या फुगवट्याला, वेबसाइटवर निळाशार किनारा दिसत होता. 'समुद्राचा खराखुरा अनुभव.' आम्ही शहरातल्या छावणी भागातून, घरून रिक्षा करून लक्झरी रिसॉर्टला आलो. वॉचमनला वाटलं, स्वयंपाकाची बाई बदलली.

किनारा होता, हे मान्य करायला हवं. मालक पुंडलिकशेठ यांचा पूर्वी वाळूचा धंदा होता. वाळू उरली, मग बीच सुचला. नारळाची झाडं प्लास्टिकची होती आणि वारा आला की खडखडायची. खोलीतल्या टॉवेलच्या हंसाला मान नव्हती. जलतरण तलावात पाणी नव्हतं, पण बेडूक होता. आणि किनाऱ्यावरच्या एका पोकळ दगडातून समुद्राची गाज ऐकू यायची. मध्येच ती थांबायची आणि एक बाई इंग्रजीत सांगायची की बॅटरी संपत आली आहे.

हे सगळं मी त्या माणसाला एका दमात सांगून टाकलं. आईचं आणि बाबांचं सुद्धा.

त्याने डब्याचं झाकण लावलं. "मग, आईंना कसा वाटला?"

"काय?"

"समुद्र."

"लाट तिच्या अंगठ्यापर्यंत आली आणि परत गेली. ती म्हणाली, छान आहे गं, आपल्या हर्सूलच्या तलावासारखं."

"हर्सूल?" त्याला खरंच लागलं ते. "अहो, मी फुल स्पीडनं पळवतो."

"तिथेच चुकतंय तुमचं."

आता त्याने भुवया वर केल्या. त्याच्या उजव्या भुवईवर ग्रीसचा एक छोटा डाग होता. त्याचा लाटांशी काही संबंध नव्हता, पण मी तो पाहिला.

"जोरात गेली की बोट पाण्यावर उचलली जाते," मी सांगू लागले. "मग ती पाणी ढकलतच नाही, नुसती सरकते. वेग कमी ठेवा. नाक वर आणि बूड खाली, अशी अर्धवट अडकली पाहिजे. तेव्हा ती सगळ्यात मोठी लाट करते. आणि मागे वजन हवं."

"वजन कुठून आणू?"

मी बोटीची मागची फळी पाहिली. "मी बसते."

तो माझ्याकडे बघतच राहिला.

"शास्त्रीय कारण आहे," मी म्हणाले.

"मी कुठं काय म्हणलो?"

त्याचं नाव विश्वजीत. पाचोडचा. आयटीआय करून पंपांची इंजिनं दुरुस्त करायचा. ही बोट भंगारातून आणून त्याने चालती केली होती. हे मी विचारलं नव्हतं. लाइफ जॅकेट शोधता शोधता तोच सांगत होता. शेवटी एकच सापडलं, लहान मुलाचं, पिवळं, छातीवर बदकाचं चित्र असलेलं.

"हे मला बसणार नाही."

"बसवू ना." त्याने पट्टे सोडवून त्यांना दोरीचे तुकडे जोडले, आणि माझ्या खांद्याला हात लागणार नाही अशा बेताने गाठी मारल्या. फार हळू मारल्या. तेवढी काळजी गाठीला लागत नाही, एवढं मलाही कळतं.

तीन वाजता आई-बाबा पाण्याच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्च्यांवर येऊन बसले; पलीकडे पुंडलिकशेठही खुर्ची टाकून होते. आईने साडी घोट्यापर्यंत वर घेतली होती. आम्ही झुडपांच्या आडून निघालो. पाण्यावरून गार वारा येत होता, दूर उथळ पाण्यात बगळे उभे होते. मी मागच्या फळीवर बसले आणि बोटीचं बूड खाली गेलं.

"हळू," मी ओरडले. "अजून हळू."

"एवढं हळू तर म्हैस पोहती."

"बरोबर आहे. म्हशीची लाट बघा एकदा."

त्याने वेग कमी केला. नाक वर उठलं, इंजिन घुमलं आणि आमच्या मागे पाण्याची एक जाडजूड घडी उभी राहिली. तिरकी होत ती किनाऱ्याकडे निघाली. विश्वजीत मागे वळून बघतच राहिला. लाटेकडे की माझ्याकडे, हे मला नक्की सांगता येणार नाही. निरीक्षकच अस्थिर होता.

"तुम्ही खरा समुद्र बघितलाय?" त्याने विचारलं.

"नाही. तुम्ही?"

"नाय." तो हसला. "म्हंजे आपण काय बनवू राहिलो, ते दोघालाबी माहीत नाय."

"पुढे बघा."

"पुढं नुसतं पाणी आहे."

"मागे पण पाणीच आहे."

"मागं..." तो म्हणाला आणि थांबला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्याच्या. "मागं बदक आहे."

आम्ही पुन्हा वळलो, पुन्हा गेलो. लाटा एकीच्या पाठीवर दुसरी अशा जाऊ लागल्या. लांबून दिसलं की पुंडलिकशेठांची रिकामी खुर्ची पाण्यात तरंगतेय आणि त्यांची एक चप्पल तिच्या मागे निघालीय. तेवढ्यात माझा फोन वाजला. आई होती.

"प्रेरणा, कुठं आहेस? लवकर ये. तुझ्या बाबांना मळमळतंय."

साध्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला मी आजारी पाडलं होतं. विश्वजीतने काही न विचारता बोट सरळ किनाऱ्याला लावली. लपायचं वगैरे दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही. दोरीच्या गाठी सुटेनात, म्हणून मी बदकासकट धावले.

बाबा डोळे मिटून, लिंबू नाकाशी धरून खुर्चीत मागे रेलले होते. आईची साडी गुडघ्यापर्यंत भिजली होती. एका हाताने ती बाबांची पाठ चोळत होती. सवयीचा हात तो, नर्सचा. पण चेहरा... तो चेहरा मी याआधी पाहिला नव्हता.

"आई, सॉरी. मला वाटलं नव्हतं की..."

"अगं, सॉरी काय," ती म्हणाली. "जमिनीवर बसून समुद्र लागलाय त्यांना. हर्सूलला कधी असं झालं होतं का?" आणि मग, अगदी हळू, "खरंच समुद्रासारखा आहे गं."

"करुणा," बाबा डोळे न उघडता म्हणाले, "तुझे पाय भिजले का?"

"भिजले."

"मग झालं."

आई थोडा वेळ तशीच पाण्यात पाय सोडून बसली, बाबांचा हात धरून. मग तिची नजर माझ्या छातीवरच्या बदकावर आली, तिथून माझ्यामागे बोटीची दोरी धरून उभ्या असलेल्या विश्वजीतवर.

"समुद्र चालवणारा तूच ना रे?" तिने विचारलं. "सकाळपासून वास येतोय डिझेलचा. जेवलास का? खोलीत धपाटे आहेत."

रिसॉर्टमध्ये बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत. आईने धपाटे टॉवेलच्या हंसाच्या मानेत गुंडाळून त्याच्याच पोटात लपवले होते. मानेचं काय झालं, ते मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा आली, तेव्हा विश्वजीत फाटकाजवळ वाळूच्या गोण्या भरत होता. बाबा लिंबू घेऊन आधीच आत बसले होते, आई त्यांच्या शेजारी.

"शेठ म्हणले, रोज अशीच लाट पाहिजे," तो म्हणाला. "म्हणून मागं गोणी ठेवायची."

"कल्पना चांगली आहे. वजन स्थिर राहील."

"व्हय." त्याने गोणीचं तोंड शिवलं. सुई दोनदा चुकली. "सकाळी करून बघितलं. लाट बरोबर येती. फक्त..."

"फक्त काय?"

"गोणी बोलत नाय."

प्लास्टिकचे नारळ खडखडले. मला काहीतरी शास्त्रीय बोलायचं होतं.

"गोणी चुका पण काढत नाही," मी म्हणाले.

"तेच तर. लई सुनं वाटतं." त्याने वर पाहिलं. ग्रीसचा डाग आज दुसऱ्या भुवईवर होता. "सोमवारी समुद्र बंद असतो. दिवसभर."

"सोमवारी मी कामावर असते." त्याचा चेहरा उतरला. मी तो पुरता उतरू दिला नाही. "पण माझ्या रजा शिल्लक आहेत. आम्ही छावणीत राहतो."

रिक्षावाल्याने उगीच आरसा पुसला. मग आतून बाबांचा आवाज आला, लिंबाआडून, पण स्पष्ट. गर्दीतसुद्धा ऐकू जावा अशा सवयीचा.

"पाचोडहून पहिली गाडी सातची. ती चुकवू नका, आठच्या गाडीला उभं राहायला जागा मिळत नाही. मध्यवर्ती स्टँडला उतरायचं, बाहेरून छावणीची रिक्षा."

आई पदर तोंडाला लावून हसत होती.

"सातचीच पकडतो, काका," विश्वजीत म्हणाला.

मी रिक्षात चढले. फाटकातून बाहेर पडताना मागे वळून पाहिलं, तर तो शिवलेली गोणी पुन्हा उसवत होता. बहुतेक दोरा चुकीचा गेला होता.

सोमवारी तो येईल की नाही, याचा मी अजिबात विचार केला नाही. माझ्या बाबांनी सांगितलेली गाडी आजवर कुणाची चुकलेली नाही.