दोरोगामे आधी पाय धुतो

पावसात उभा राहून तो आमच्या सार्वजनिक न्हाणीघराच्या धुरांड्याकडे बघत होता. स्थळ बघायला आल्यासारखा. आधी वरून खाली, मग खालून वर.

"काही हवंय का?" मी दारातूनच विचारलं.

"याची उंची किती असेल हो?"

"बाबा म्हणतात तेवीस मीटर. पण बाबा सगळंच थोडं वाढवून सांगतात."

"म्हणजे… गुडघ्यापर्यंत," तो स्वतःशीच म्हणाला.

"कोणाच्या?"

"दोरोगामेच्या." मग तो कानापर्यंत लाल झाला.

त्याचं नाव इसोमुरा. टोकियोच्या एका साप्ताहिकात तो मांगा, म्हणजे चित्रकथा, काढायचा. बंदराच्या चिखलातून दोरोगामे नावाचं एक अजस्र कासव वर येतं आणि दर आठवड्याला एक गाव तुडवतं, एवढीच गोष्ट. महिनाभरानंतरची पाळी आमच्या शिओमाचीची होती, म्हणून काय काय तुडवायचं ते बघायला तो आला होता. नम्र माणूस होता. तुडवण्याआधी भेटून जायचा.

नखशिखांत भिजला होता, म्हणून मी त्याला आत घेतलं. बूट त्याने दारात काढले, पण मोजेसुद्धा चिखलाने भरले होते. त्याने पाऊल उचललं मात्र, गल्ल्यावरून बाबा गरजले, "आधी पाय धू! मग पुढे!"

बाबा हे सगळ्यांनाच म्हणतात. एकदा महापौरांना म्हणाले होते. महापौर परत आले नाहीत.

अंघोळ करून बाहेर आला तेव्हा त्याच्या केसांतून वाफ निघत होती. मी थंड दुधाची बाटली पुढे केली. घेताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागली… आणि बाटली दोघांच्याही हातातून सुटली.

"हीसुद्धा तुडवलीत," मी म्हणाले.

तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा आधी मिटतो, उजवा थोडा मागाहून येतो. ही माहिती मला कशासाठी हवी होती, ते माझं मलाच कळलं नाही.

त्यानंतर तो आठवड्यातून एकदा यायचा. चित्रात काहीतरी चुकलंय म्हणून. आमच्या गल्लीत पाचच दुकानं उघडी, बाकीच्यांची शटरं गंजलेली. इतकं चुकण्यासारखं तिथे होतं तरी काय? पण मी विचारलं नाही.

मी विचारलं ते वेगळंच. "लोकांना का आवडतं हो हे? आपल्याच गावाचा चेंदामेंदा बघायला?"

त्याने पेन्सिल खाली ठेवली. "मी सहा वर्षांचा असताना भूकंपात आमचं घर गेलं. आजी रोज त्या जागी जाऊन उभी राहायची. तिला ओरडायचं असायचं — पण ओरडणार कोणावर? जमिनीला तोंड नसतं. राक्षसाला असतं, चिगुसासान."

ओरडायला कोणीतरी मलाही हवं होतं. कारण दोनच दिवसांपूर्वी पाडकामवाल्या कंपनीचा माणूस येऊन गेला होता. बॉयलर गेल्याच आठवड्यात मेला होता, गिऱ्हाइकं त्याच्या कितीतरी आधी. न्हाणीघर महिनाअखेरीस पाडायचं ठरलं होतं. त्या माणसाने कमरेत वाकून नमस्कार केला, 'आवाजाचा त्रास होईल, क्षमा असावी' म्हणाला आणि रीतीप्रमाणे भेट म्हणून एक टॉवेल दिला. न्हाणीघराला, टॉवेल! बाबांनी तो दोन्ही हातांनी घेतला, आभार मानले आणि मागे जाऊन कोरड्या टाकीत बसून राहिले.

"इसोमुरासान, यंत्र यायच्या आधी तुमच्या कासवाकडून आमचं न्हाणीघर तुडवून घ्या. चांगलं दणदणीत. बाबांना बघू दे."

त्याने होकारार्थी मान हलवली. पण माझ्याकडे बघितलं नाही.

अंक आला. अख्खी गल्ली मोगामी काकूंच्या केशकर्तनालयात जमली. दोरोगामेने ओबाता आजोबांचं टोफूचं दुकान सपाट केलं होतं. काकूंच्या दुकानावर तर अख्खं पान! त्यांनी ते लगेच काचेवर चिकटवलं.

"माझी खुर्ची कशी उडालीय बघा! तुमच्यावर किती चौकटी, ओबातासान?"

"दोन. पण शेपटीसकट," आजोबा छाती फुगवून म्हणाले.

मी पान उलटलं. आमच्या धुरांड्यापाशी येऊन दोरोगामे थांबला होता. त्याने अंग चोरलं होतं आणि… आम्हाला वळसा घालून निघून गेला होता.

काकूंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. कोणी गेल्यावर ठेवतात तसा.

शनिवार-रविवारी लांबून पोरं अंक घेऊन आली, तुडवलेल्या दुकानांसमोर उभं राहून फोटो काढून गेली. टोफू दुपारीच संपला. आमच्यासमोर एकजण थांबला, तो बुटाची नाडी बांधायला.

इसोमुरा आला तेव्हा मी दारातच उभी होते.

"सगळ्यांना तुडवलंत! आम्ही काय घोडं मारलं होतं?"

"हात उचलेना माझा," तो पुटपुटला. "हे घर… म्हणजे, तुम्ही… मला वाटलं, कुठेतरी का होईना, उभं राहावं."

"कागदावर उभं राहून काय करायचंय? गुरुवारी यंत्र येणार. चालवणारा माणूस वाकून नमस्कार करणार, आणि त्याला मी चहा विचारणार! त्याच्यावर मला ओरडता यायचं नाही, इसोमुरासान. मी तुमच्याकडे तेवढंच मागितलं होतं."

त्याने छत्री मिटून दाराशी टेकवली. मग म्हणाला, "मालिका बंद होतेय. वाचक पुरत नाहीत. एकच भाग उरलाय." आणि छत्री विसरून निघून गेला.

गुरुवारी सकाळी पिवळं यंत्र आलं. माणूस वाकला. मी चहा विचारला. बाबा खिशात हात घालून धुरांड्याकडे बघत होते.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून इसोमुरा धावत आला. सदऱ्यात शेवटच्या भागाचं मूळ पान होतं. अंक दुकानात अजून यायचा होता. ते त्याने बाबांच्या हातात दिलं.

दोरोगामे परतला होता. थकलेला, मालिका बंद पडलेला. धुरांड्यासमोर तो थांबला, वळला, बंदरावर गेला. बूड टेकून, मन लावून त्याने चारही पाय धुतले. मग आला आणि एकाच पावलात आमचं न्हाणीघर भुईसपाट केलं. खाली गल्लीत एक मुलगी त्याच्याकडे तोंड वर करून जिवाच्या आकांताने ओरडत होती. आणि तो मान खाली घालून ऐकत होता.

बाबांनी चित्रातल्या ओल्या पायांवर बोट ठेवलं. "धुतले," ते म्हणाले. "महापौरापेक्षा शहाणं जनावर."

मागे यंत्र सुरू झालं. पोलादी जबडा धुरांड्याला टेकला, पहिली वीट पडली — आणि मी ओरडले. जशी त्या पानात ओरडत होते तशी.

क्षणभर सगळे थबकले. मग मोगामी काकूंनी दोन्ही हात वर केले, किंकाळी फोडली आणि गल्लीतून पळत सुटल्या. "आला! दोरोगामे आला!" ओबाता आजोबा काठी टाकून मागोमाग. बाबासुद्धा ओरडत पळाले, पान छातीशी धरून. यंत्रवाला घाबरला, यंत्र थांबवून खाली उतरला आणि पळणाऱ्या प्रत्येकाला वाकून क्षमा मागू लागला.

इसोमुराने माझा हात धरला.

"हे काय?"

"पळताना धरतात," तो म्हणाला. कान लाल. "माझ्या गोष्टींत… तसा नियम आहे."

"आणि पळून झाल्यावर?"

"तिथपर्यंत मी कधी काढलंच नाही. मालिका बंद पडायची."

मग आम्ही पळालो. मागे धुरांडं पडत होतं, पाऊस पडत होता, माझा गळा बसला होता. गल्ली बंदराशी संपली, तरी त्याने हात सोडला नाही. त्याच्या मोज्यांना घोट्यापर्यंत चिखल लागला होता. पाय धुवायला आता आमच्याकडे जागा उरली नव्हती. मी खिशातून कंपनीचा टॉवेल काढून त्याला दिला.

"आधी पाय," मी म्हणाले. "मग पुढे."