मागच्या बाईची सावली

दिवा तिथेच असू दे, डॉर्कस, माझ्या समोर. मागे नको नेऊस. मावशी भिंतीजवळ का बसत नाही, असं मघाशी विचारलंस ना? मग ऐक.

त्या दिवशी काम साधंच होतं. आमच्या कारखान्याचे फेरडे मालक म्हणाले, "थर्झा, केझायाच्या आईकडे जाऊन ये. ते चिनी धाटणीचं कपाट प्रदर्शनात पाठवायचंय. धुरकटलंय जरा, हात फिरव त्यावर."

हात फिरवणं हाच तेव्हा माझा धंदा होता. आमच्या बिल्स्टन गावच्या कारखान्यात लाकडावर काळ्या रोगणाचे थर चढवायचे, प्रत्येक थर भट्टीत भाजायचा आणि शेवटची चकाकी बायकांनी उघड्या तळहाताने आणायची. थोडं तेल, दगडाची पिठासारखी भुकटी आणि तळहात. कापडाने चरे पडतात. वर्षभरात माझ्या हातावरच्या रेषा निम्म्या झिजल्या होत्या.

पण मी मूळची घासणारी नव्हे गं, चित्रं काढणारी. त्या कपाटावरचं चित्र माझं होतं. काळ्यावर सोनेरी पूल आणि पुलावर दोन बायका. पुढची छत्रीवाली केझाया, मागची मी. सात वर्षं रंगखोलीत एका बाकावर बसलो आम्ही मैत्रिणी, एका पावाचे दोन तुकडे करून खाल्ले. पुढची बाई तेवढी तिने रंगवली, बाकी सगळं मी. आणि हाताच्या सवयीने माझ्या बाईच्या पायाशी मी सावली टाकून बसले! चिनी धाटणीच्या चित्रात सावली टाकायची नसते, हे आमच्याकडे काल आलेल्या पोरीलाही ठाऊक असायचं. केझाया पोट धरून हसली.

"अगं वेडाबाई, तुझ्या बाईला बिल्स्टनचं ऊन लागलं वाटतं! थांब, झाकते. मालकांना कळणारसुद्धा नाही." आणि तिने त्यावर काळ्या रोगणाचा हात मारला.

मालकांना खरंच काही कळलं नाही. कपाट भट्टीतून निघालं तेव्हा त्यांनी विचारलं, "हे कुणाचं?" माझ्या खांद्याला खांदा लावून उभी असलेली केझाया म्हणाली, "माझं. थर्झाने रंग घोटून दिले."

मी बोलायला गेले तर सगळे म्हणाले, जळते मेली. केझाया रंगखोलीची मुकादम झाली आणि मी घासायच्या खोलीत गेले. कपाटाला मागून तडा गेला होता, म्हणून मालकांनी ते तिलाच बक्षीस दिलं. सावली टाकायची खोड कारखान्यात माझ्या एकटीच्याच हाताला होती; त्या झाकलेल्या सावलीचं मी त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "दाखव ती सावली. दुसऱ्या दिवशी रंगखोलीच्या बाकावर बसवतो." पण केझायाने मला कधी दार उघडलं नाही. पुढच्या हिवाळ्यात छातीच्या दुखण्याने ती गेली. मी रडलेसुद्धा नाही, डॉर्कस. इतका जीव जळला होता माझा.

तर त्या दुपारी मी चकाकी आणायला निघालेच नव्हते. मला तो काळा थर झिजवायचा होता.

केझायाची आई खिडकीशी विणत बसली होती. घरात विस्तव नव्हता, तरी ओल्या रोगणाचा उग्र वास कोंडला होता. कपाट तर वर्षापूर्वीचं. मी गुडघे टेकले आणि मागच्या बाईच्या पायाशी घासायला लागले.

"हळू गं," म्हातारी वर न बघता म्हणाली. "तिला जोरात घासलेलं आवडत नाही."

थोड्या वेळाने तळहाताला ऊब लागली. मग चटका. भट्टीतून आत्ता काढलेल्या लाकडासारखा. मी हात थांबवला... पण घासल्याचा आवाज थांबला नाही. सर्र... सर्र... आतून. माझ्या तळहाताच्या बरोब्बर समोर, पलीकडून कुणीतरी हात फिरवत होतं.

"केझाया?" मी कसंबसं म्हटलं. "एवढं तरी ठेव गं माझं..."

आवाज बंद झाला. मी हात उचलला. सावली वर आली होती. माझीच, कुंचल्याचा तोच आखूड फटकारा. पण ती छत्रीवालीच्या पायाशी होती. मी जिथे घासलं तिथे, मागच्या बाईखाली, नुसतं गुळगुळीत काळं.

म्हातारी येऊन वाकली. "सापडली का? जाताना म्हणत होती, आई, त्यात माझी एक सावली आहे, थर्झा येऊन काढून देईल." तिने सावलीवरून बोट फिरवलं. "अख्ख्या कारखान्यात तिच्या एकटीच्याच हाताला ही खोड होती म्हणे."

"ती खोड माझी आहे हो, काकू..."

"काय बाई तरी! मेलेल्या मैत्रिणीचंही तुला बघवत नाही."

कपाट प्रदर्शनात गेलं, पितळी पट्टीवर केझायाचं नाव घेऊन. मी घासायच्या खोलीतच म्हातारी झाले. लोकांना वाटतं, तिने माझं चित्र नेलं आणि बाक नेला, म्हणून मी अजून तिच्या नावाने बोटं मोडते. तेवढंच नेलं असतं तर एव्हाना विसरले असते गं.

आता उचल तो दिवा. ये, माझ्या मागे उभी राहा आणि समोरच्या भिंतीकडे बघ. मी या खुर्चीत बसलेय ना? हात धर हवा तर. आहे ना मी?

मग भिंतीवर सावली नुसत्या रिकाम्या खुर्चीची कशी दिसते?