खडकावरचा मलिदा

कारखान्याच्या कमिटीने पेन्शनीत निघालेल्यांना समुद्रकाठच्या एलातची सहल दिली, तेव्हा नेहेमियाने नाकच मुरडलं. समुद्र काय पाहायचाय? इस्रायलला येण्याआधी अर्धा जन्म कोकणात गेला. पण फुकट होतं, आणि बायकोने, सोफीने, हट्ट धरला, म्हणून आपल्या गावी, नेतिवोतला, मुकाट बसमध्ये चढला. लेक इलानाही बरोबर होती.

पहिल्या दिवशी काचेच्या तळाच्या होडीतून मासे पाहिले.

"एवढे मासे, आणि एकही कालवणात नाही," नेहेमिया म्हणाला.

इलाना हसली. लग्नाला नऊ वर्षं होऊन कूस रिकामी. हल्ली ती हसणं विसरलीच होती. ते हसणं म्हाताऱ्याच्या काळजात रुतलं.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात बस तिम्नाच्या डोंगरात गेली. तिथे जुन्या तांब्याच्या खाणी आणि एका देवळाचे पडके दगड. गाईड योराम हिब्रूत बडबडत होता. नेहेमियाचं लक्ष भलतीकडे. कातळावर रथ कोरलेले. चाकं, घोडे, सगळं.

"सोफे, बघ! एलियाहू हानाबीचा रथ. आपल्या अलिबागजवळच्या खंडाळ्याला खडकावर खुणा आहेत ना, तशाच."

"अहो, तो पोरगा सांगतोय, हे मिसरातल्या कुठल्याशा देवीचं देऊळ…"

"त्या कालच्या पोराला काय कळतंय?"

एलियाहू हानाबी म्हणजे रथातून आभाळात गेलेला प्रेषित. त्याला नवस बोलायचा तर मलिदा हवा, गोड पोह्यांचा प्रसाद. सोफीच्या डब्यात वाटेत खायला भिजवलेले पोहे होते, गूळ-खोबरं घातलेले. हॉटेलच्या टेबलावरून उचललेले खजूर होते. झालं की! देवळाच्या पडक्या भिंतीत एक सपाट दगड होता. नेहेमियाने त्यावर सगळं मांडलं, डोकं झाकलं, बराखा म्हणजे आशीर्वादाच्या प्रार्थना म्हटल्या.

"माझ्या इलानाला मूल दे. बदल्यात काय हवं ते माग."

"असं मोघम बोलू नका हो," सोफी पुटपुटली. पण बोलून झालं होतं.

तिघांनी प्रसाद खाल्ला. एक मूठ दगडावर ठेवली. नेहेमिया बुटातली वाळू झाडायला वाकला, आणि वर पाहतो तर दगड स्वच्छ. पाखरू नाही, मुंगी नाही. त्याने हात लावून पाहिला. सगळा कातळ तव्यासारखा तापलेला, आणि तेवढा एकच दगड गार.

"पोचला नवस," तो म्हणाला.

परतीच्या वाटेवर सोफीने इलानाचा हात सोडला नाही.

पुढच्या वर्षी इलानाला मुलगी झाली. नाव ब्राखा. सात महिन्यांची असताना ती आजोळी आली. नेहेमियाने टाळ्या वाजवल्या, हाका मारल्या. पोर ढिम्म.

"बहिरी आहे की काय गं?"

"नाही, आबा. दवाखान्यात तपासलं. सगळं ऐकते." इलानाने आवाज खाली आणला. "दुपारी कुणीतरी हाक मारतं… तेव्हा लगेच वळते. हसते."

"कोण मारतं?"

"बाईचा आवाज आहे. नाव मात्र ब्राखा नाही… वेगळंच काहीतरी."

"कुठून मारते?"

"आधी रस्त्यावरून यायची. मग जिन्यातून… काल आमच्या दाराशी होती. म्हणून तर इकडे आले."

तांदूळ निवडणारे सोफीचे हात थांबले. नेहेमिया उठला. दाराला कडी घातली, वर खुर्ची टेकवली.

"आता येऊ दे कोण येतंय ते."

तेवढ्यात ब्राखाने मान वळवली आणि खुदकन हसली.

दाराकडे नव्हे. आतल्या खोलीकडे.