टेपवरचं ‘हं’

जुन्या रेकॉर्डी नव्या वेष्टनात घालून विकणाऱ्यांचा छोटीला मनस्वी तिटकारा होता. मढ्याच्या तोंडाला पावडर फासायचा धंदा, असं ती म्हणायची. दर महिन्याला तिच्याकडे दहा-बारा पाकिटं यायची. एखादा कधीच वारलेला संचालक, त्याचा तेव्हाच थकलेला वाद्यवृंद आणि वेष्टनावर ‘अविस्मरणीय’, ‘अलौकिक’ असले शब्द. छोटी ते ऐकायची आणि मासिकातल्या आपल्या सदरात एकेकाची सालटी काढायची. वाचकांना तेच आवडायचं.

छोटी साठीची होती, पण घरातलं नाव चिकटलं ते चिकटलंच. तिच्या सदराइतकंच तिचं ‘हं’ही प्रसिद्ध होतं. बाकीची माणसं होकाराला ‘हं’ म्हणतात. छोटीचं ‘हं’ नाकातून यायचं, शेवटी थोडी हवा सोडून, आणि त्यात समोरच्याची पार वासलात लागायची. लहानपणापासून तिला दुसरं ‘हं’ येतच नसे. खरा होकार हवा असला की नवरा म्हणायचा, “बाई, हो किंवा नाही म्हण. ते तेवढं करू नकोस.”

त्या मंगळवारी आलेल्या पाकिटात एका चौकडीची सीडी होती. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. ध्वनिमुद्रण एक्कावन्न वर्षांपूर्वीचं. पहिलं व्हायोलिन वाजवणारी बावीस वर्षांची मुलगी म्हणजे छोटीची सख्खी ताई.

त्या दिवसानंतर ताईने व्हायोलिनला हात लावला नव्हता. शेवटचा सूर विरल्यावर खोलीत कोणीतरी हसलं, असं ती सांगायची. नाकातून. बाईमाणूस. खोलीत तर फक्त वाजवणारी चौघं, दार आतून बंद, मुद्रण करणारा काचेपलीकडे. ते हसणं बाकीच्या तिघांनीही ऐकलं होतं. व्हायोलावाल्याने पडद्यामागे जाऊन बघितलं, तिथे कोणी नव्हतं. छोटी तेव्हा नऊ वर्षांची होती आणि गोवर येऊन घरी पडली होती. मोठी झाल्यावर तिने आपलं मत ठरवून टाकलं, आणि नातेवाइकांत ती ते उघड बोलून दाखवायची. ताईने कच खाल्ली आणि वर भुताचं निमित्त केलं.

या मुद्रणाच्या याआधी तीन आवृत्त्या निघाल्या होत्या. तिन्ही शेवटच्या सुरापाशी कापलेल्या. या चौथीवर मात्र मोठ्या अक्षरांत छापलं होतं, ‘टेपवर आहे ते सगळं, एक सेकंदही न कापता.’

“म्हणजे खाकरणंसुद्धा विकायला काढलं,” असं म्हणत छोटीने पेन्सिल घेतली आणि सीडी लावली. सकाळचे अकरा वाजले होते. शेजारच्या खोलीत नवरा टेबलफॅन उघडून बसला होता, स्क्रू वर्तमानपत्रावर मांडून. छोटीने लिहिलं, चेलोला सर्दी. संथ भाग लांबलेला. पहिल्या व्हायोलिनला घरी जायची घाई.

शेवटचा सूर संपला. खोलीतली हवा ऐकू येऊ लागली. एक खुर्ची करकरली. छोटीने सवयीने नाकात श्वास भरून घेतला.

“हं.”

पण छोटीचा श्वास अजून नाकातच होता.

“झालं? ताईंनाही बाद केलंस?” नवऱ्याने आतून विचारलं.

“मी काही बोललेच नाही.”

“पस्तीस वर्षं ऐकतोय. तुझं ‘हं’ मला कळत नाही होय?”

छोटीने ते टोक पुन्हा लावलं. मग पुन्हा. डाव्या स्पीकरमधून, अगदी जवळून, आपलंच नाक वाजताना तिने तीनदा ऐकलं. अशा गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांना ती आजवर मूर्ख म्हणत आली होती. म्हणून तिने शहाण्यासारखी परीक्षा घेतली. फोनवर स्वतःचं ‘हं’ मुद्रित केलं आणि सीडी काढणाऱ्या कंपनीच्या ध्वनितंत्रज्ञाला पाठवून दिलं. दोन्हींत फरक काय तेवढा सांगा, म्हणून.

तासाभरात त्याचा फोन आला. “बाई, हे एकच आहेत. तुम्ही टेपवरचंच कापून पाठवलंत ना?”

“नाही.”

“मग कमाल आहे. फरक एवढाच, टेपवर त्याच्यामागे पंखा चालतोय. पातं कुठेतरी घासतंय. मुद्रणाच्या खोलीत पंखा कोण लावेल?”

अक्कल नाही तर कान तरी कशाला दिले याला, असं तिला वाटलं. पण ती म्हणाली, “ते काढून मला एक प्रत द्या. शेवटच्या सुरानंतर पूर्ण शांतता हवी.”

“काही कापलेलं नाही, असं आम्ही छापलंय.”

“माझ्या बहिणीसाठी मागतेय. पाया पडते.”

छोटी आयुष्यात पहिल्यांदाच कोणाच्या पाया पडत होती. कारण आदल्याच आठवड्यात ताईचा फोन आला होता. डावा कान गेला, उजवा दोन-चार महिन्यांत जाईल, डॉक्टर म्हणाले. ते मुद्रण तिने कधीच ऐकलं नव्हतं. “एकदा ऐकव गं. हसण्यासारखं वाजवलं होतं का मी, एवढं कळू दे. मग कान गेले तरी चालतील.”

रविवारी दुपारी ताई आली. कानात यंत्र, मांडीवर पर्स. नवऱ्याने दुरुस्त केलेला पंखा आणून लावला आणि दोघी बहिणींना सोडून तो फिरायला गेला.

छोटीने कापलेली प्रत लावली. आज हातात पेन्सिल नव्हती. संथ भागात ताईची बोटं पर्सच्या पट्ट्यावर हलू लागली. एकही बोट चुकत नव्हतं. छोटी त्या बोटांकडे बघत राहिली आणि कधी नव्हे ती नुसती ऐकत गेली. ही मुलगी सुंदर वाजवत होती. घाई कसली, ती तर प्रत्येक सुरापाशी हवं तेवढं थांबत होती. आपण हिच्याबद्दल चारचौघांत काय काय बोललो ते आठवून छोटीला स्वतःची किळस आली.

शेवटचा सूर विरला. शांतता.

ताईने तिच्याकडे पाहिलं. “छोटे, चांगली वाजवायचे ना गं मी?”

‘हो’ म्हणायला छोटीने तोंड उघडलं, पण शब्द फुटेना.

“हं,” ती म्हणाली.

नाकातून.

पंख्याचं पातं जाळीला घासत होतं.

स्पीकरमध्ये खुर्ची करकरली.

“कोण हसलं?” आतून एका तरुण मुलीने विचारलं.

पडदा सरकवल्याचा आवाज आला.

“कोणीतरी हसलं. बाईमाणूस होतं.”

छोटी धडपडत उठली. कोणाकडे तोंड करावं ते तिला कळेना. ती स्पीकरपाशी वाकली. “ताई, हसले नाही गं! हो म्हणाले मी! हो! सुंदर वाजवलंस!”

आत चार माणसांचे श्वास ऐकू येत होते. मग व्हायोलिनच्या पेटीच्या कड्या लागल्या. खट्. खट्.

छोटी वळली. ताईचा चेहरा शांत होता. यंत्र तिच्या कानातच होतं, त्याचा हिरवा दिवा लागलेला.

“हसल्यावर ती बाई काहीतरी ओरडलीही होती,” ताई म्हणाली. “हे मी कधी कोणाला सांगितलं नाही. शब्द कळले नव्हते.”

छोटी तेच पुन्हा पुन्हा ओरडत होती. ताईने तिच्या ओठांकडे थोडा वेळ निरखून पाहिलं.

“आत्ताही नाही कळले,” ती म्हणाली.